बिऱ्हाडकरूची खिडकी

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर भाड्याने घेऊन पाहणाऱ्याविषयी मात्र आपल्या भाषेने अशी म्हण केलेली नाही. केली ती विंचवाविषयी, ज्याचे बिऱ्हाड पाठीवर असते. बिऱ्हाडकरू म्हणजे आज आहे आणि उद्या नाही असा मनुष्य, ही समजूत त्या म्हणीत आहे. आणि त्याच्यासाठी बांधलेल्या बहुतेक इमारतींतही तीच समजूत विटा-चुन्याचे रूप घेऊन उभी आहे.

काही दिवसांपूर्वी मुंबईच्या एका उपनगरात केवळ भाड्याने देण्यासाठी बांधलेली एक नवी इमारत पाहण्याचा योग आम्हांस आला. इमारतीच्या माहितीपत्रकात ‘निरामय’, ‘हरित’ आणि ‘शाश्वत’ हे तीन शब्द निरनिराळ्या विभक्तींत अनेक वेळा आलेले होते. व्यवस्थापकांनी आम्हांला मोठ्या आपुलकीने व्यायामशाळा दाखविली, ध्यानाची खोली दाखविली, गच्चीवरील बाग दाखविली, प्रवेशदालनातील जिवंत रोपांची भिंतही दाखविली. हे सर्व नेटके होते. नंतर आम्ही दुसऱ्या मजल्यावरील एक रिकामे बिऱ्हाड पाहण्याची इच्छा प्रकट केली. तेथील स्वयंपाकघराची खिडकी चार हात रुंदीच्या एका बोळकांडीत उघडत होती. समोरच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या एकीखाली एक टांगलेल्या होत्या आणि त्यांचा उष्ण वारा थेट त्या खिडकीवर येत होता. सकाळचे अकरा वाजले असूनही दिवा लावल्यावाचून चुलीवरचे भांडे दिसत नव्हते. ‘ह्या बाजूला सहसा कोणी पाहत नाही,’ असे व्यवस्थापक सौजन्याने म्हणाले.

ह्या बाजूला सहसा कोणी पाहत नाही, हीच भाड्याच्या घरांची कथा होय. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच बाजूने पाहणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, भाड्याच्या इमारतीचे आरोग्य तिच्या गच्चीवर किंवा प्रवेशदालनात मोजता येत नाही. ते तिच्यातील सर्वांत खालच्या आणि सर्वांत वाईट खोलीत मोजले पाहिजे. ती खोली ज्या इमारतीत राहण्याजोगी आहे तीच इमारत निरामय म्हणावी. बाकीचा सारा अलंकार.

हा विषय आमच्या वाचकांना परका नाही. गोमंतकातून, बेळगावाहून, बडोद्याहून किंवा इंदूरहून नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या माणसाचे पहिले घर बहुधा भाड्याचेच असे. १९६१च्या जनगणनेच्या वेळी देशातील नागरी कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत होती. २०११ साली हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. लोक श्रीमंत होऊन घरांचे धनी झाले एवढाच ह्याचा अर्थ नव्हे. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे जवळजवळ बंद पडले, हाही एक अर्थ आहे. आता ते पुन्हा सुरू होत आहे. म्हणूनच, पहिल्या खेपेस काय घडले ते नीट पाहून घेण्याची वेळ हीच आहे.

पहिली खेप एका साथीने सुरू झाली. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगाने, प्रवेश केला. मांडवीच्या दाट वस्तीत हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी. बारदेशातील हडफडे हे त्यांचे जन्मगाव, हे आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. त्यांचा पुतळा धोबी तलावावर आजही उभा आहे. प्लेगाचे जंतू उंदीर आणि पिसवा ह्यांच्या वाटे येतात हे ज्ञान पुढे रुळले. त्या वेळी मात्र दोष अंधाराला आणि कोंदट हवेला देण्यात आला. निदान अपुरे होते, पण उपचार सर्वस्वी चुकीचा नव्हता, कारण क्षयाच्या बाबतीत तोच उपचार लागू पडतो. १८९८ साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहरात हवा व उजेड आणण्याचे काम तिच्याकडे आले.

ट्रस्टच्या कामाविषयी प्रशंसेने बोलावे असे थोडेच आहे. जुन्या वस्त्या पाडण्याचा तिचा वेग नव्या चाळी बांधण्याच्या वेगाहून पुष्कळच अधिक होता, आणि उठविलेली गरीब माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या वस्त्यांत जाऊन दाटली. तथापि तिच्या कागदपत्रांतील एक नियम मात्र सोन्याच्या तोलाचा आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम तो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेडावर व हवेवर एक व्याख्यान दिले आणि ह्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम समजावयास भूमितीचे पांडित्य नको. भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावे. नजरेची रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी होता कामा नये. सोप्या हिशेबात सांगावयाचे तर दोन इमारतींमध्ये जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी. तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा एक तुकडा दिसलाच पाहिजे, एवढेच हा नियम सांगतो. वरच्या मजल्याकडे न पाहता खालच्या खिडकीकडे पाहून जो इमारत मोजतो, तो नियम आम्हांस न्याय्य वाटतो.

ट्रस्टच्या चाळींनी ह्या शहराच्या जीवनाला बरेच काही दिले. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे वास्तव्य सुमारे दोन दशके होते. परंतु भाड्याच्या घरांचा मोठा प्रयोग झाला तो ट्रस्टकडून नव्हे, तर १९२० साली गव्हर्नर लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत निघालेल्या विकास खात्याकडून. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, असा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्या सोळा हजारांच्या आसपास झाल्या. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी.

ह्या चाळींचा आराखडा टीकाकाराने बारकाईने पाहावा असा आहे, कारण तो पुढच्या शंभर वर्षांच्या चुकांची जननी आहे. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांब बोळ, त्याच्या दोहों अंगांना दहा दहा खोल्या, टोकाला सामायिक संडास. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधल्या बोळामुळे प्रत्येक खोलीला बाहेरची भिंत एकच. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला जावयास वाट नाही. समोरच्याने दार उघडे ठेवले तरच त्याच्या खोलीतून आपला वारा पुढे जाणार. म्हणजे श्वास घेण्यासाठी शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावयाचे. गिरगावातील खाजगी मालकांनी नफ्यासाठीच बांधलेल्या जुन्या चाळींना निदान बाहेरून लाकडी गॅलरी असे. त्या गॅलरीने खोलीचे ऊन-पावसापासून रक्षण होई, दाराखिडकीतून वारा आरपार जाई आणि संध्याकाळी माणसे तेथे बसतही. विकास खात्याने चाळीतले चांगले ते नेमके गाळले आणि वाईट ते सिमेंट-काँक्रीटमध्ये पक्के केले. भाडे कामगारांना जड वाटून कित्येक खोल्या प्रारंभी रिकाम्या पडल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. जी इमारत विशेष फेरफार न करता तुरुंग म्हणून चालते, तिच्या आराखड्यावर ह्याहून कठोर अभिप्राय कोणता टीकाकार देऊ शकेल?

त्या चाळींत राहिलेल्या माणसांनी तेथे सण, नाटके, व्यायामशाळा, चळवळी आणि शेजारधर्म उभा केला, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते यश माणसांचे, आराखड्याचे नव्हे. चाळीच्या आठवणी गोड असतात म्हणून चाळीचा संडासही गोड मानावा, ही भावुकता आम्हांस मान्य नाही.

हेच दशक चालू असता युरोपातील एका शहरात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला जात होता, आणि तुलना अपरिहार्य आहे. व्हिएन्ना हे त्या काळी क्षयाचे शहर होते. क्षयाला लोक ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत. तेथील जुन्या भाड्याच्या इमारतींचा दोष नेमका आपलाच होता: मधला बोळ, बोळातच सामायिक नळ आणि संडास, आणि स्वयंपाकघराला उजेड मिळावयाचा तोही बोळातूनच. १९२३ साली नगरपालिकेने घरबांधणीसाठी एक कर बसविला. मोठ्या व ऐषारामी घरांवर तो जबर आणि कामगारांच्या घरांवर नाममात्र होता. १९३४पर्यंत त्या पैशांतून साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे उभी राहिली. त्यांच्या आराखड्यातून सर्वप्रथम हद्दपार झाला तो बोळ. अंगणातून जिना, जिन्यावर मोजकी घरे, आणि प्रत्येक घराला स्वतःचा नळ व स्वतःचा संडास. सुरुवातीची बहुसंख्य घरे ३८ चौरस मीटरांची, म्हणजे सुमारे ४०० चौरस फुटांची होती. स्नानगृह घरात नव्हते, त्यासाठी सामायिक स्नानघरे होती. म्हणजे फार मोठा ऐषाराम होता असे नव्हे. परंतु कार्ल एन ह्यांनी आखलेल्या आणि १९३० साली पुऱ्या झालेल्या कार्ल-मार्क्स-होफ ह्या एक किलोमीटरहून लांब वसाहतीत जमिनीचा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग इमारतीखाली होता. उरलेल्या जागेत अंगणे आणि बागा होत्या. धुलाईघरे, बालवाड्या, दवाखाना आणि ग्रंथालय ही त्या आराखड्यातच होती. नगरपालिकेचे आरोग्य पाहणारे युलिउस टांडलर हे स्वतः वैद्य होते, आणि घर हा दवाखान्याचाच एक भाग मानण्याची त्यांची दृष्टी त्या काळच्या कारभारात दिसते.

मुंबईने बोळ बांधला आणि व्हिएन्नाने बोळ मोडला, दोन्ही एकाच दशकात. पैशाचा फरक होताच. परंतु तो एकच फरक नव्हता. व्हिएन्नाच्या नगरपालिकेला त्या इमारती पुढची शंभर वर्षे स्वतः सांभाळावयाच्या होत्या, आणि भाडेकरू तिचा मतदार होता. विकास खात्याचा भाडेकरू कोणाचाच कोणी नव्हता.

येथे आम्ही मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. विकण्यासाठी बांधलेल्या इमारतीशी बांधणाऱ्याचा संबंध चावी देताच तुटतो. भाड्याची इमारत मात्र बांधणाऱ्याच्याच गळ्यात राहते. तिचे गळणारे छप्पर, तिचे कुजणारे नळ, तिची पोपडे धरणारी भिंत ही सारी त्याचीच. म्हणून खरे पाहता टिकाऊ बांधणी आणि भाड्याची बांधणी ह्यांचे नाते सख्ख्या बहिणींचे असावयास हवे. प्रत्यक्षात ते तसे नाही, ह्याचे कारण हिशेबाच्या वहीत आहे. भिंत जाड केल्याचा, छज्जा खोल केल्याचा, दोन इमारतींत अंतर सोडल्याचा खर्च मालकाचा. आणि तसे न केल्याने फुगणारे विजेचे बिल, औषधाचे बिल आणि रात्रीचा उकाडा हे बिऱ्हाडकरूचे. ज्याच्या हातात आराखडा त्याच्या खिशाला झळ नाही, आणि ज्याला झळ त्याच्या हातात खिळा ठोकण्याचाही अधिकार नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा मनुष्य पश्चिमेच्या खिडकीला स्वखर्चाने छज्जा कसा लावील?

कायद्याने ह्या वहीचा एक रकाना दुरुस्त करू पाहिला आणि दुसरा बिघडविला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४०च्या पातळीवर गोठविली. बिऱ्हाडकरूला त्याने स्थैर्य दिले, आणि हे ऋण लाखो कुटुंबांनी मनोमन मानले आहे. परंतु गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती बसेना. मालकाने हात आखडला, पागडीचा चोरटा व्यवहार बोकाळला, आणि इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ कायद्याने नेमावे लागले. स्थैर्य आणि दुरुस्ती ही एका गाडीची दोन चाके आहेत, हा त्यातील धडा. आज करारांच्या काळात चित्र उलटले आहे: भाडे मोकळे आहे, दुरुस्ती होऊ शकते, पण स्थैर्य उरलेले नाही.

स्थैर्य हा आरोग्याचा विषय नव्हे असे ज्यास वाटत असेल, त्याने मुंबईतील गोमंतकीयांच्या कुडी आठवाव्यात. धोबी तलाव, माझगाव ह्या भागांत गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने काढलेली ही सामायिक बिऱ्हाडे. बोटीवर काम करणारा तारवटी दोन सफरींच्या मध्ये तेथे येऊन उतरे. जागा म्हणाल तर भिंतीलगत एक ट्रंक आणि रात्री अंथरुणापुरती जमीन. वर्गणी अगदी थोडी. संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा. वास्तुशास्त्राच्या कसोटीवर कूड उतरणार नाही, आणि तिची दाटी आम्ही आदर्श म्हणून सांगत नाही. परंतु परत आल्यावर जागा असेलच, ही खात्री तिने दिली. ती खात्री नसलेली गच्चीवरची बाग पाहून कोणाला झोप येत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशात भाड्याच्या घरांची एक मोठी सरकारी योजना निघाली. गरिबांना झोपडपट्टीऐवजी माफक भाड्याचे पक्के घर मिळावे, हा तिचा हेतू निर्विवाद चांगला होता. परंतु खोलीचा आकार किती ठरला? १६० चौरस फूट. विकास खात्याने जे माप घेतले होते तेच जवळजवळ नव्वद वर्षांनी पुन्हा आले; फरक इतकाच की ह्या वेळी संडास आत होता, आणि इमारत चार मजल्यांची नसून उंच मनोऱ्याची होती. पुढे धोरण बदलले. पनवेलजवळ कोन येथे गिरणी कामगारांना जी घरे देण्यात आली, ती अशा दोन दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची केलेली आहेत. एक भिंत पाडून चूक निम्मी सुधारली. परंतु ती चूक शतकभर कोणाच्या ध्यानात राहू नये, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

आणि साडेत्रेसष्ट अंशांचे काय झाले? त्याचे उत्तर गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत मिळते. ती घरे भाड्याची म्हणून बांधलेली नव्हेत. परंतु तेथे जाणाऱ्याला निवड नव्हती, आणि ह्या बाबतीत तो आणि गरीब बिऱ्हाडकरू सारखेच. नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून सुमारे तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. जुन्या नियमाने तीन मीटर अंतरावर सहा मीटरांची, म्हणजे दोन मजल्यांची इमारत चालली असती. आठ मजल्यांची उंची बावीस-तेवीस मीटर धरली तर अंतर अकरा मीटरांहून अधिक हवे होते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेची २०१८ साली पुढे आलेली पाहणी ह्या वसाहतीची, शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडची आणि मोकळ्या रचनेच्या पी. एम. जी. पी. कॉलनीची तुलना करते. पहिल्या दोन ठिकाणी क्षयाचे प्रमाण तिसरीहून कितीतरी अधिक आढळले, आणि उजेड व वायुवीजन ह्यांच्या अभावाशी त्याचा संबंध दिसून आला. क्षयाची कारणे अनेक असतात: दाटी, अपुरे अन्न, ओल. तरीही १९१२ साली जे व्याख्यानात सांगितले होते ते २०१८ साली रुग्णांची गणती करून पुन्हा सिद्ध करावे लागले, ही गोष्ट कोणत्याही सुसंस्कृत शहराला लाजविणारी आहे.

इतक्या उदाहरणांनंतर त्या ‘निरामय’ इमारतीकडे परत गेले की तिचा दोष स्पष्ट दिसतो. व्यायामशाळा असणे हा तिचा दोष नव्हे. व्हिएन्नाच्याच आल्ट-एर्ला ह्या वसाहतीत, हॅरी ग्लुक ह्यांच्या आराखड्याप्रमाणे १९७३ ते १९८५ ह्या काळात बांधलेल्या सुमारे ३,२०० भाड्याच्या घरांच्या माथ्यावर पोहण्याचे तलाव आहेत, आणि ते सामान्य भाडेकरूंचेच आहेत. परंतु त्या वसाहतीत आधी खालच्या बारा मजल्यांपर्यंत प्रत्येक घराला झाडे लावण्याजोगी खोल गच्ची दिली. इमारतीच्या पोटात जेथे उजेड पोचत नाही तेथे निजण्याची खोली काढली नाही, छंदमंडळांना जागा दिली. म्हणजे आधी खिडकी, मग तलाव. आमच्या उपनगरातील इमारतीने हा क्रम उलटा केला. जे पाहुण्याला दाखविता येते ते तिने आधी बांधले, आणि जे रोज भोगावे लागते ते उरलेल्या जागेत कोंबले.

ह्या हवेत कसे बांधावे हे आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोयही नाही. चार्ल्स कोरिया हे गोमंतकीय कुळातले, १९३० साली सिकंदराबादेस जन्मलेले वास्तुकार. पणजीची कला अकादमी त्यांचीच. मुंबईत १९८३ साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या कांचनजंगा ह्या इमारतीचे मजले २८ आणि घरे अवघी ३२. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, परंतु दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही पश्चिमेचेच. तेव्हा वारा घ्यावा आणि ऊन-पाऊस नाकारावा कसा, हा पेच. त्यांनी जुन्या बंगल्याची पडवी आकाशात नेली: कोपऱ्याकोपऱ्याला दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या, आणि त्यांच्या आड राहण्याच्या खोल्या. ही इमारत श्रीमंतांची आहे आणि भाड्याची नव्हे. परंतु तिच्यातील युक्ती श्रीमंतीची नाही. तीच युक्ती गिरगावच्या गॅलरीत होती, आणि गोव्यातील बलकांवात व राजांगणातही आहे. सावलीतून गाळून वारा आत घेणे, एवढेच ते तत्त्व.

शासनानेही आता ह्याची मापे दिली आहेत. केंद्र सरकारच्या २०१८च्या इको निवास संहितेत उष्ण व दमट हवेच्या प्रदेशासाठी, म्हणजे मुंबई, कोकण आणि गोवा ह्यांसाठी, बाहेर उघडणाऱ्या दाराखिडक्यांचे क्षेत्र घराच्या जमिनीच्या निदान एक षष्ठांश असावे, असे सांगितले आहे; भिंतींतून आणि काचांतून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा घातली आहे. चांगला आराखडा म्हणजे आम्ही काय मागतो, ते ह्या आधारावर सांगता येईल. घरांना दोन बाजूंनी उघडी हवा असावी, आणि त्यासाठी मधला बोळ टाकून एका अंगाची गॅलरी घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीला छज्जा आणि जाळी असावी. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा तत्सम काही असावे, म्हणजे वरच्या बिऱ्हाडाचा तवा होणार नाही. वारा आरपार खेळला तर छताचा पंखा वर्षातील बरेच दिवस पुरतो. कपडे वाळत घालण्यास उन्हाची जागा असावी. चार महिन्यांच्या पावसात ओल्या कपड्यांनी भरलेली खोली आणि बुरशी धरलेली भिंत ह्यांत मूल खोकल्यावाचून वाढत नाही. जिना रुंद आणि उजेडाचा असावा, म्हणजे दोन मजले चढावयास कोणी लिफ्टची वाट पाहणार नाही. ही यादी महाग वस्तूंची नाही. हिच्यातील सर्वांत महाग वस्तू दोन इमारतींमधली मोकळी जागा ही आहे, आणि नेमकी तीच विकता येत नाही म्हणून ती सर्वांच्या आधी जाते.

आराखड्याइतकेच महत्त्व कराराला आहे. २०२१च्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यात इमारतीची मूळ दुरुस्ती मालकाकडे आणि किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे सोपविली आहे, तसेच राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. तो स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. आमच्या मते एक पाऊल आणखी पुढे जावयास हवे. जो मालक दीर्घ मुदतीचा करार देईल आणि बिऱ्हाडाचे वर्षभराचे विजेचे सरासरी बिल घर दाखवितानाच लिहून देईल, त्यालाच ‘निरामय’ हा शब्द वापरू द्यावा. ते बिल जाहीर झाले की पश्चिमेची काच, उथळ छज्जा आणि कोंदट बोळकांडी ह्यांची किंमत मालकाच्या वहीत आपोआप चढेल, आणि आराखडा काढणाऱ्याचे डोळे खालच्या मजल्याकडे वळतील.

भाडे ह्याने वाढेल, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. अंतर सोडले की घरे कमी होतात, आणि घरे कमी झाली की भाडे चढते. परंतु दाटीचा खर्च वाचतो हे खरे नव्हे. तो दवाखान्याच्या रांगेत, बुडालेल्या रोजात आणि शाळेच्या गैरहजेरीत भरावा लागतो, आणि भरतो तो सर्वांत खालच्या मजल्यावरचा मनुष्य. हा खर्च समाजाने उघडपणे वाटून घ्यावा की एकट्या बिऱ्हाडकरूने गुपचूप सोसावा, एवढाच प्रश्न आहे. व्हिएन्नाने त्याचे उत्तर १९२३ साली कर बसवून दिले.

वरळीच्या जुन्या चाळींच्या जागी आता चाळीस चाळीस मजल्यांचे मनोरे उठत आहेत, आणि २०२५ सालापासून जुन्या रहिवाशांना तेथे ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. १६०वरून ५००वर जाणे हा शंभर वर्षांनी मिळालेला न्याय आहे, आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. पणजी, मडगाव, बेळगाव येथेही मजल्यांवर मजले चढत आहेत, आणि मुंबईचे अनुकरण करण्याची घाई तेथे दिसते. वाचकहो, अशी एखादी नवी इमारत पाहावयास गेलात तर एक करावे. लिफ्टने वर जाऊन दृश्य पाहण्याआधी सर्वांत खालच्या, सर्वांत आतल्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता उभे राहावे आणि खिडकीतून मान वर करून पाहावे. आकाश दिसले तर खुशाल पुढे जाऊन बाग पाहावी. न दिसले तर माहितीपत्रक तेथल्या ओट्यावर ठेवून परत यावे.